ध्येयं कागदावर उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनात ठरवलेली गोष्ट आणि कागदावर लिहिलेली गोष्ट यांत फरक पडतो का, पडत असेल तर कशामुळे, आणि लिहायचं म्हणजे नेमकं काय, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. घाईत असाल तर 'कधी, कुठे, कसं' या प्रश्नाचं उत्तर तेवढं वाचाच. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे.

ध्येय लिहून ठेवल्याने खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. मात्र नुसत्या लिहिण्याने जेवढा पडतो, त्याहून जास्त लिहिलेल्याकडे पुन्हा वळून पाहण्याने पडतो. कॅलिफोर्नियातल्या डोमिनिकन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ गेल मॅथ्यूज यांनी २०१५ मध्ये एका परिषदेत मांडलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यात २६७ जण सहभागी झाले आणि १४९ जणांनी तो पूर्ण केला. त्यांचे पाच गट होते. पहिल्या गटाने चार आठवड्यांत काय साधायचं याचा फक्त विचार केला. दुसऱ्याने ते लिहून काढलं. तिसऱ्याने त्यासाठी काय काय करणार हेही लिहिलं. चौथ्याने हे सगळं एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवलं आणि पाचव्याने त्यात दर आठवड्याला प्रगती कळवण्याची भर घातली. लिहिणारे लोक नुसता विचार करणाऱ्यांच्या पुढे गेले, आणि सगळ्यात पुढे राहिला तो दर आठवड्याला कळवणारा पाचवा गट.

अभ्यास लहान आहे, मुदत अवघी चार आठवड्यांची आहे आणि किती साधलं हे सहभागींनी स्वतःच सांगितलेलं आहे. त्यामुळे त्याच्या जोरावर 'लिहिलं की यश अमुक टक्के वाढतं' असं सांगत सुटणं मला पटत नाही. पण गटांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण खालची बहुतेक उत्तरं त्याच दिशेने जातात.

येल विद्यापीठाच्या त्या ३ टक्के विद्यार्थ्यांचं काय?

ती पाहणी झालेलीच नाही. कहाणी अशी सांगितली जाते: १९५३ साली येलमधून बाहेर पडलेल्यांपैकी फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली. कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं आणि साल १९७९ होतं. येलमध्ये याचा शोध घेतला गेला तेव्हा अशा पाहणीचा मागमूसही सापडला नाही. तरीही भाषणांतून आणि फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांतून ती फिरतेच आहे. खोट्या आकड्यावर उभा राहिलेला उत्साह आकडा खोटा निघाला की मावळतो, म्हणून ही कहाणी कृपया पुढे पाठवू नका. लिहिण्याच्या बाजूने खरे पुरावे पुरेसे आहेत.

मग लिहिण्याने नेमकं होतं काय?

मनातली इच्छा धूसर राहू शकते. 'तब्येतीकडे लक्ष द्यायचं आहे' हा विचार वर्षानुवर्षं डोक्यात राहतो आणि त्याचा कुणालाच त्रास होत नाही. तोच विचार लिहायला बसलात की पहिल्याच ओळीला अडता. लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं? चालायचं, की रात्री वेळेवर झोपायचं, की टाळत आलेली तपासणी करून घ्यायची? लिहिताना यातलं काहीतरी निवडावं लागतं. निवड म्हणजे निर्णय, आणि बऱ्याच लोकांचं घोडं इच्छाशक्तीपाशी नाही, तर हा निर्णय न झाल्यामुळे अडलेलं असतं.

ध्येय नेमकं असण्याचं महत्त्व एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं. पुढे गॅरी लेथम यांच्यासोबत त्यांनी त्यावर अनेक दशकं काम केलं. शेकडो प्रयोगांतून पुन्हा पुन्हा हेच दिसलं की नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलेले लोक 'जमेल तेवढं चांगलं करा' असं सांगितलेल्या लोकांपेक्षा सरस काम करतात. 'जमेल तेवढं' यात कुठे थांबलं तरी चालतं, हीच त्यातली अडचण.

दुसरा फायदा डोकं हलकं होण्याचा. ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरी राहिलेली कामं मनात घोळत राहतात आणि हातातल्या कामात अडथळा आणतात. पण त्या कामासाठी नेमकी योजना आखली की, काम अजून झालेलं नसतानाही, हा अडथळा कमी होतो. २०१८ च्या एका प्रयोगात ५७ तरुण मंडळींपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, तर बाकीच्यांनी झालेल्या कामांबद्दल लिहिलं. कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. जितकी नेमकी यादी, तितकी झोप लवकर.

'कधी, कुठे, कसं' लिहायचं म्हणजे काय?

ध्येयाच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहायची: अमुक वेळ झाली किंवा अमुक प्रसंग आला की मी अमुक करणार. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या 'जर-तर' योजनांचा आयुष्यभर अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी आणि पॅसकल शिरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले आणि नुसत्या इराद्याच्या तुलनेत या योजनांचा परिणाम बऱ्यापैकी मोठा असल्याचं त्यांना आढळलं.

मला यातला सगळ्यात बोलका वाटतो तो सारा मिल्न आणि सहकाऱ्यांचा २००२ चा प्रयोग. २४८ विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात निदान एकदा २० मिनिटं जोरकस व्यायाम करायचा होता. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितलं नव्हतं. त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराबद्दल आणि व्यायामाच्या फायद्यांबद्दल माहिती वाचायला दिली. त्यांच्या मनात व्यायामाची इच्छा वाढली, पण व्यायाम केला ३५ टक्क्यांनीच. तिसऱ्या गटाने तीच माहिती वाचली आणि सोबत एक वाक्य पूर्ण केलं: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी. व्यायाम केला ९१ टक्क्यांनी.

दुसऱ्या गटाकडे नीट पाहा. ती माणसं प्रेरित झाली होती आणि तरीही जागची हलली नव्हती. आपण प्रेरणादायी व्हिडिओ पाहतो, भाषणं ऐकतो, आतून पेटून उठतो आणि आठवडा तसाच जातो, तेव्हा आपण याच गटात असतो. अशा वेळी स्वतःला आळशी म्हणवून घेऊ नका. तुमच्याकडे फक्त दिवस आणि वेळ लिहिलेली नसते.

दर वेळी एवढा मोठा फरक पडेल असं मात्र समजू नका. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीची आठवण करून देणारी पत्रं गेली. काही पत्रांवर लसीचा दिवस आणि वेळ स्वतःच्या हाताने भरायला जागा होती. लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. चार टक्क्यांचा फरक लहान वाटेल, पण त्यासाठी लागली होती फक्त एक कोरी जागा.

लिहिताना 'रोज सकाळी' असं लिहू नका, कारण सकाळ चार तासांची असते. 'सकाळचा चहा झाला की कप धुण्याआधी' असं लिहा. घड्याळातल्या वेळेपेक्षा आधीपासून रोज घडणारी एखादी गोष्ट धरली, तर आठवण ठेवण्याचं काम ती गोष्टच करते.

ध्येय नीट लिहिलं गेलंय हे कसं ओळखायचं?

अनोळखी माणसाच्या हातात तो कागद द्या अशी कल्पना करा. ठरलेल्या तारखेला तुमच्याकडे पाहून त्याला 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सांगता येईल का? येत असेल तर ध्येय नीट लिहिलं आहे. 'वाचन वाढवायचं' यावर तो काहीच सांगू शकणार नाही. 'जूनअखेरपर्यंत चार पुस्तकं वाचून संपवायची' यावर सांगू शकेल.

'स्मार्ट' (इंग्रजीत SMART) ही पाच अक्षरी कसोटी बहुतेकांनी ऐकलेली असते: ध्येय नेमकं, मोजता येणारं, आवाक्यातलं, आपल्याशी संबंधित आणि मुदतीचं असावं. ती जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी मांडली. त्यांच्या मूळ यादीतलं एक अक्षर 'हे काम कोणाकडे सोपवलं आहे' यासाठी होतं. वैयक्तिक ध्येयात तो प्रश्नच येत नाही, म्हणून पुढे लोकांनी ते बदललं. लिहून झाल्यावर एकदा पडताळून पाहायला ही कसोटी चांगली. पाच रकाने भरण्याचा सोपस्कार करू नका. त्यात ध्येयाचा जीव जातो.

माझं ध्येय आकड्यात बसत नाही. मग?

भावाशी दुरावलेलं नातं सांधायचं आहे, स्वभावातला चिडचिडेपणा कमी करायचा आहे, मोकळेपणाने बोलायला शिकायचं आहे: ही अत्यंत मोलाची ध्येयं आहेत आणि त्यांना ओढूनताणून आकडे लावले तर ती हास्यास्पद होतात. अशा वेळी फळ मोजू नका, स्वतःच्या हातातली कृती लिहा. नातं सुधारणं दोघांच्या हातात असतं, पण फोन करणं तुमच्या हातात आहे. 'रविवारी दुपारी भावाला फोन करेन आणि जुना विषय निघाला तर फक्त ऐकून घेईन' हे लिहिता येतं, करता येतं, आणि केलं की नाही हे कळतंही. नातं किती सुधारलं याचा हिशेब दर आठवड्याला मांडायची गरज नाही. तो काही महिन्यांनी आपोआप जाणवतो.

ध्येय किती मोठं असावं?

ताणावं लागेल इतकं मोठं, पण तुमचा स्वतःचा विश्वास बसेल इतपतच. लॉक आणि लेथम यांच्या कामातून दिसतं की ध्येय अवघड असेल तर कामगिरी सुधारते, पण त्या ध्येयाशी बांधिलकी असेल आणि क्षमता असेल तरच.

इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. काम अगदी नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, तर निकालाचं ध्येय उलट अडचणीचं ठरू शकतं, कारण सगळं लक्ष आकड्याकडे जातं आणि शिकणं मागे पडतं. नुकतंच पोहायला शिकणाऱ्याने 'एका मिनिटात ५० मीटर' लिहिण्यापेक्षा 'या महिन्यात श्वास घेण्याच्या तीन पद्धती करून पाहीन' असं लिहावं. हात बसला की वेळेचं ध्येय घ्यावं.

मोठं ध्येय असेल तर त्याचे टप्पे जवळचे ठेवा. अल्बर्ट बंदुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या आणि गणिताची गोडी नसलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना प्रत्येक तासाला थोडी पानं सोडवण्याचं ध्येय दिलं, काहींना सगळी पानं शेवटपर्यंत पुरी करण्याचं. जवळचं ध्येय असलेली मुलं जास्त शिकली. शिवाय त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि गणितात रसही आला. मोठ्यांचंही वेगळं नसतं.

एका वेळी किती ध्येयं लिहावीत?

बारीकसारीक 'कधी, कुठे' लिहून पाठपुरावा करण्यासाठी एक. फार तर दोन. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की नेमक्या योजनेचा फायदा एका ध्येयाला होतो. सहा ध्येयांसाठी तशाच योजना केल्या की तो टिकत नाही, कारण सगळं एकत्र पाहिल्यावर हे किती कठीण आहे हेच आधी जाणवतं आणि बांधिलकी सैल होते. उरलेली ध्येयं वेगळ्या पानावर 'नंतर' असं शीर्षक देऊन लिहा. तिथे ती सुरक्षित असतात आणि डोक्यातही घोळत नाहीत.

वही बरी की फोन?

जे तुम्ही दर आठवड्याला पुन्हा उघडाल ते. हाताने लिहिण्याच्या बाजूने जे प्रयोग सांगितले जातात, ते बहुतेक वर्गातल्या टिपणांबद्दल आहेत, ध्येयांबद्दल नाहीत. माझा कल वहीकडे आहे, तो एवढ्याचसाठी की वही उघडली की दुसरी कोणतीही सूचना येऊन लक्ष वेधत नाही.

अडथळे लिहिणं म्हणजे नकारात्मक विचार नाही का?

नाही. मी तर म्हणेन की अडथळा न लिहिलेलं ध्येय अर्धवट असतं.

गॅब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांना आपण यशस्वी होऊ अशी अपेक्षा होती, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्या सडपातळ झालेल्या स्वतःची गोड, निर्विघ्न चित्रं रंगवत होत्या, त्यांचं वजन तशी चित्रं न रंगवणाऱ्यांच्या मानाने वर्षभरात सुमारे ११ किलोने कमी उतरलं. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वप्नरंजनात मन तिथे पोहोचल्याचा आनंद आधीच घेऊन मोकळं होतं आणि प्रत्यक्ष कष्टांसाठी लागणारा जोर कमी पडतो.

ओटिंगन यांनी यावर सुचवलेला क्रम असा: आधी इच्छा लिहा, मग ती पुरी झाल्यावर मिळणारं सगळ्यात चांगलं फळ लिहा, लगेच त्याच्याखाली स्वतःच्या आतला मुख्य अडथळा लिहा आणि शेवटी त्या अडथळ्यासाठी 'जर-तर' वाक्य लिहा. 'स्वतःच्या आतला' हे महत्त्वाचं. 'वेळ मिळत नाही' हा वरवरचा अडथळा. थोडं खोल गेलं की 'कामावरून आल्यावर फोन हातात घेतो आणि तासभर सोडत नाही' असं काहीतरी सापडतं. हे लिहायला जिवावर येतं. पण याच ओळीवर उपाय लिहिता येतो: 'घरात आलो की फोन आधी चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावेन आणि मग कपडे बदलेन.'

तारीख कशी ठरवायची?

तुमच्या पहिल्या अंदाजापेक्षा बरीच पुढची. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीकडे लक्ष वेधलं होतं: काम किती वेळात होईल याचा अंदाज आपण सगळं सुरळीत होईल असं धरून करतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. म्हणून 'किती वेळ लागेल' असं स्वतःला विचारू नका. 'मागच्या वेळी अशाच कामाला किती लागला होता' हे विचारा आणि तो आकडा लिहा.

ध्येय लोकांना सांगावं की स्वतःपाशी ठेवावं?

दोन्ही बाजूंनी पुरावा आहे आणि तो वरवर परस्परविरोधी दिसतो. गोल्विट्झर यांनीच २००९ मध्ये दाखवलं की 'मी उत्तम वकील होणार' अशा प्रकारचं, आपली ओळख घडवणारं ध्येय दुसऱ्याने ऐकून घेतलं की विद्यार्थी त्यासाठी कमी मेहनत करू लागतात. लोकांनी दखल घेतली, एवढ्यानेच आपण ते झाल्यासारखं वाटतं. दुसरीकडे मॅथ्यूज यांच्या अभ्यासात कळवणारे लोक पुढे गेले.

मला यातून दिसणारी वाट अशी. काय होणार आहोत याची घोषणा करू नका, काय केलं हे एका माणसाला कळवत राहा. समाजमाध्यमावर टाकलेल्या संकल्पाला शंभर लाइक मिळतात आणि ते सुख तिथेच संपतं. त्याऐवजी ज्याच्या मताची तुम्हाला किंमत आहे, जो खोटं कौतुक करणार नाही आणि टोमणेही मारणार नाही, अशा एका व्यक्तीला दर शनिवारी दोन ओळी पाठवा. 'तीन दिवस केलं, दोन दिवस राहिलं, कारण अमुक.' समोरच्याने सल्ला द्यायची गरज नाही, फक्त वाचलं तरी पुरे.

लिहिलेलं किती वेळा वाचायचं?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दहा मिनिटं. या लहानशा कामाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते सर्वात जास्त फळ इथेच आहे. बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा, म्हणजे जवळपास २०,००० माणसांचा, एकत्रित आढावा घेतला. आपण कुठवर आलो हे जितकं वारंवार पाहिलं जातं, तितकी ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. ती नोंद कागदावर किंवा अन्य कुठे उतरवली, किंवा दुसऱ्याला कळवली, तर परिणाम आणखी मोठा.

गंमत अशी की काम नीट चाललेलं नसतं तेव्हाच आपण वही उघडायचं टाळतो. पानावर रिकाम्या चौकटी दिसणार हे माहीत असतं. म्हणून आढाव्यात स्वतःला गुण देत बसू नका. काय झालं ते लिहा, काय झालं नाही ते लिहा, आणि न झालेल्या गोष्टीपुढे फक्त प्रसंग लिहा: 'मंगळवारी उशिरा घरी आलो.' तीन आठवडे मंगळवारच येत असेल, तर तुमच्या निश्चयात काही कमी नाही. योजनेतला मंगळवार चुकीचा आहे. तो खोडा आणि बुधवार लिहा. लिहिलेली योजना आठवड्याला दुरुस्त होत गेली पाहिजे. महिन्याभराने तुमचं पान खाडाखोडीने भरलेलं असेल तर ते चांगलं लक्षण समजा.

२१ दिवसांत सवय लागते ना?

नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात. त्यातलं 'तरी' गळालं, रुग्ण गळाले आणि २१ दिवसांचा नियम उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एखादी नवी गोष्ट रोज करायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांतला आणि कामाकामांतला फरक प्रचंड होता: १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज आहेत). तेव्हा बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

मध्येच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून?

मुळीच नाही. लॅली यांच्याच अभ्यासात असं दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. धक्का बसतो तो 'आता मोडलंच आहे, तर जाऊ दे' या विचाराने. त्यासाठी सुरुवातीलाच एक वाक्य लिहून ठेवा: 'एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करेन.' ते वाक्य मन शांत असताना लिहिलेलं असलं म्हणजे चिडलेल्या, ओशाळलेल्या अवस्थेत नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. मोठा खंड पडला असेल तर नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस अशा दिवशी सुरुवात करा. अशा तारखांनंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, हे २०१४ मध्ये हेंगचेन दाई आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं. पण आज बुधवार असेल तर सोमवारची वाट पाहू नका.

'अमुक करणार नाही' असं ध्येय लिहावं का?

शक्यतो 'अमुक करेन' असं वळवून लिहा. स्वीडनमधल्या हजाराहून जास्त लोकांच्या नववर्ष संकल्पांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी करण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनी आणि काहीतरी टाळण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांनी वर्षअखेर स्वतःला यशस्वी मानलं. 'रात्री फोन पाहणार नाही' यात हात रिकामे राहतात. 'अंथरुणावर पडलो की पुस्तकाची दोन पानं वाचेन' यात हातांना काम मिळतं.

लिहिलेलं ध्येय सोडून दिलं तर चालतं का?

चालतं, आणि कधीकधी तेच शहाणपणाचं असतं. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की जे गाठता येणार नाही ते सोडून नव्या ध्येयाकडे वळू शकणारी माणसं मनाने अधिक स्वस्थ असतात. फक्त पान फाडून टाकू नका. त्या ध्येयावर रेघ मारा, तारीख टाका आणि कारण एका वाक्यात लिहा. 'कंटाळा आला' आणि 'हे मला कधी नकोच होतं, घरच्यांना हवं होतं' ही दोन वेगळी कारणं आहेत. दुसरं कारण वारंवार येत असेल तर पुढचं ध्येय लिहिण्याआधी थांबून विचार करा. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांच्या १९९९ च्या कामात हेच दिसतं: ज्या ध्येयात स्वतःची आवड किंवा स्वतःची मूल्यं असतात, त्यासाठी माणूस जास्त काळ कष्ट करतो आणि ते गाठल्यावर त्याला समाधानही जास्त मिळतं.

याचे काही तोटे आहेत का?

आहेत. नजर एका आकड्यावर खिळली की आजूबाजूचं दिसेनासं होतं. लिसा ऑर्डोनेझ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये संस्थांच्या बाबतीत हा इशारा दिला होता: अतिरेकी ध्येयांमुळे लोक आडमार्ग धरतात, धोके पत्करतात. घरातही तेच होऊ शकतं. धावण्याचा आकडा गाठायच्या नादात दुखणाऱ्या गुडघ्याकडे दुर्लक्ष होतं. म्हणून ध्येयाखाली 'यासाठी काय पणाला लावणार नाही' अशी एक ओळ अवश्य लिहा.

मुलांकडून ध्येयं लिहून घ्यावीत का?

लिहून घेऊ नका, त्यांना लिहू द्या. शब्द त्यांचे असू द्यात, ध्येय छोटं असू द्या, आणि ते पान परवानगीशिवाय वाचू नका.

एखादं भरलेलं पान कसं दिसतं?

साधारण असं. ध्येय रंगारंगाच्या पेनाने लिहायची गरज नाही. हे पान दहा मिनिटांत भरतं.

ध्येय: ३० सप्टेंबरपर्यंत फ्रेंचमध्ये पाच मिनिटं न अडखळता स्वतःबद्दल बोलणं.

का: तिकडे राहणाऱ्या मैत्रिणीच्या आईशी तिच्या भाषेत बोलायचं आहे.

कधी, कुठे, कसं: रात्रीचं जेवण झालं की टेबलावरून उठण्याआधी १५ मिनिटं मोठ्याने सराव.

आतला अडथळा: चुकीचे उच्चार घरच्यांना ऐकू जातील याची लाज वाटते.

जर लाज वाटली, तर: खोलीत जाऊन दार लावून करेन, पण सोडणार नाही.

एक दिवस चुकला, तर: दुसऱ्या दिवशी सात मिनिटं.

पणाला लावणार नाही: झोप.

कळवायचं: मैत्रिणीला, दर शनिवारी, बोलून पाठवलेल्या एका मिनिटाच्या संदेशातून.

आढावा: रविवारी सकाळी, याच पानाच्या मागच्या बाजूला.